साहित्य आणि कृती : चित्रपुस्तकांना जोडल्या जाणाऱ्या हस्तकामाविषयी

१

मराठीत ‘साहित्य’ आणि ‘कृती’ हे दोन शब्द दोन अगदी वेगळ्या ठिकाणी शेजारी येतात. समीक्षेत त्यांचा समास होऊन ‘साहित्यकृती’ हा शब्द तयार होतो. पाकशास्त्राच्या आणि हस्तकलेच्या पुस्तकांत मात्र ते दोन मथळे होऊन एकाखाली एक येतात : साहित्य म्हणजे रंगीत कागद, कात्री, डिंक, कापूस, आणि कृती म्हणजे त्यांचे काय करावयाचे याची क्रमवार सूचना. गेल्या काही वर्षांत मुलांच्या चित्रपुस्तकांच्या अखेरच्या पानावर हे दुसऱ्या प्रकारचे मथळे वाढत्या प्रमाणात दिसू लागले आहेत. जेथे पुस्तकात ते नसतात तेथे शिक्षक, ग्रंथपाल किंवा पालक ती उणीव भरून काढतात. गोष्ट वाचून झाली की मुलांच्या हाती कागद आणि कात्री द्यावयाची, असा एक शिरस्ताच पडला आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि त्यापाठोपाठ २०२१ मध्ये सुरू झालेले निपुण भारत अभियान यांनी अनुभवाधारित व खेळाधारित अध्यापनाचा जो आग्रह धरला त्याने या शिरस्त्याला शासकीय अधिष्ठानही मिळाले. भाषेच्या प्रश्नपत्रिकेला आपल्या शालान्त परीक्षा मंडळाने ‘कृतिपत्रिका’ असे नाव दिले, ही गोष्टही या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

या कृतींकडे मराठी समीक्षेने आजवर फारसे लक्ष दिलेले नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. बालसाहित्याचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने संस्कार, मनोरंजन, कल्पनाशक्ती आणि भाषेची सुलभता या चार खुंट्यांना टांगूनच झाला. पुस्तक मिटल्यानंतर वर्गात जे घडते ते अध्यापनशास्त्राच्या कक्षेतले, आपल्या कक्षेतले नव्हे, अशी समीक्षकाची सोयीची समजूत राहिली. प्रस्तुत लेखाची भूमिका याहून वेगळी आहे. पुस्तकाला जोडलेली कृती ही त्या पुस्तकाचे एक अर्थनिर्णयन असते. सशाची गोष्ट सांगून झाल्यावर शिक्षिका मुलांकडून कापसाचा ससा चिकटवून घेते तेव्हा, तिला जाणीव असो वा नसो, ‘ही गोष्ट सशाविषयी आहे’ असे एक विधान ती करीत असते. गोष्ट प्रत्यक्षात भित्रेपणाविषयी, अफवेविषयी किंवा फाजील आत्मविश्वासाविषयी असू शकते. तेव्हा ते विधान समर्पक आहे की नाही, हे तपासणे हे समीक्षेचेच काम ठरते. हे काम आपण टाळले तर लहान वाचकाच्या पहिल्यावहिल्या अर्थनिर्णयनाची सूत्रे आपण आपण होऊन दुसऱ्यांच्या हाती सोपवितो.

२

कृतीचा विचार करण्यापूर्वी चित्रपुस्तकाच्या संहितेचे स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. चित्रपुस्तक म्हणजे चित्रांनी सजविलेली गोष्ट नव्हे. तीत शब्द आणि चित्र या दोन चिन्हव्यवस्था एकाच वेळी कार्यरत असतात, आणि त्या एकमेकींची पुनरुक्ती करीत नाहीत. पेरी नोडेलमन या कॅनडातील अभ्यासकाने ‘वर्ड्स अबाउट पिक्चर्स’ (१९८८) या ग्रंथात या संबंधाचे वर्णन मूलतः औपरोधिक असे केले आहे : ज्याविषयी शब्द बोलतात त्याविषयी चित्र मौन पाळते आणि चित्र जे दाखविते ते शब्द सांगत नाहीत. वोल्फगांग इझरने कादंबरीच्या संदर्भात ज्या ‘रिक्त जागां’ची कल्पना मांडली त्या जागा चित्रपुस्तकात दोन ठिकाणी असतात. एक शब्द आणि चित्र यांच्या दरम्यान आणि दुसरी एक पान आणि पुढचे पान यांच्या दरम्यान. ही दुसरी जागा मूल हाताने ओलांडते. पान उलटणे, मागे जाणे, चित्रातील एखाद्या तपशिलावर बोट ठेवून थांबणे या सर्व वाचनक्रियाच आहेत. माधुरी पुरंदरे यांचे ‘चित्रवाचन’ हाताळणाऱ्या मुलाकडे क्षणभर पाहिले तरी याचा प्रत्यय येतो. शब्दांचा आधार नसलेल्या, तपशिलांनी गजबजलेल्या त्या चित्रांतून मुलाचे बोट वाट काढीत जाते आणि बोलणे त्या बोटाच्या मागोमाग येते. तात्पर्य, चित्रपुस्तकाच्या वाचनात हात हा नंतर आलेला पाहुणा नाही. तो प्रारंभापासून तेथे असतो.

काही चित्रपुस्तकांचा तर जन्मच हाताच्या कृतीतून झालेला आहे. लिओ लिओनी यांचे ‘लिटल ब्लू अँड लिटल यलो’ (१९५९) हे आगगाडीच्या प्रवासात नातवंडांना रमविण्यासाठी मासिकाची पाने फाडून सांगितलेल्या गोष्टीतून उदयाला आले. त्यातील पात्रे म्हणजे फाडलेल्या कागदाचे रंगीत ठिपके आहेत. त्या ठिपक्यांच्या ओबडधोबड कडा हाच त्यांच्या सजीवपणाचा पुरावा आहे. एरिक कार्ल यांच्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ची (१९६९) कल्पना कागदांच्या गठ्ठ्याला यंत्राने भोके पाडता पाडता सुचली, असे त्यांनीच सांगितले आहे. या पुस्तकात सुरवंट जे खातो त्यातून आरपार भोक पडते, आणि ते भोक कागदावर खरोखरच असते. भोक हे येथे अलंकरण नसून कथनाचे अंग आहे. ही गोष्ट सोलापूरकराला निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ जकार्ड मागावर फिरते आणि त्या भोकांच्या जागांवरून चादरीवर फूल उमटणार की मोर हे ठरते, हे येथे कित्येक पिढ्यांनी पाहिलेले आहे. जेथे काही नाही ती जागा अर्थ धारण करते, हे तत्त्व आहे.

आता या पुस्तकाला सर्वत्र जोडली जाणारी कृती पाहा. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचे तुकडे करून ते हिरवे रंगवावयाचे, दोन डोळे काढावयाचे, सुरवंट तयार. या सुरवंटाने काही खाल्लेले नाही, त्याच्यामागे भोक नाही आणि त्याच्यापुढे कोश नाही. पुस्तकातील काळ, भूक आणि रूपांतर ही तिन्ही सूत्रे गळून केवळ एक प्राणी उरला आहे. येथे कृतीने संहितेची रिक्त जागा भरली असेही म्हणता येत नाही. तिने ती जागा पाहिलेलीच नाही.

हा फरक नेमकेपणाने सांगण्यासाठी आपल्याच काव्यशास्त्रातील एका जुन्या वादाकडे वळणे उपयुक्त ठरेल. श्रीशंकुकाने रसप्रतीतीचे स्पष्टीकरण अनुकरणाच्या आधारे केले आणि त्यासाठी चित्रतुरगाचा, म्हणजे चित्रातील घोड्याचा, दृष्टान्त दिला. ‘अभिनवभारती’त या अनुकरणवादाचे जे खंडन येते त्याचा रोख असा की, नटाला मूळ राम ठाऊकच नसतो, मग तो अनुकरण कशाचे करणार? नाट्य हे अनुकरण नसून अनुकीर्तन आहे. म्हणजे ते मूळ वस्तूची प्रतिकृती काढीत नाही, तर तिच्या भावाचे पुन्हा, स्वतःच्या अनुभवातून, उच्चारण करते. या संज्ञा ज्या संदर्भात घडल्या तो संदर्भ प्रगल्भ प्रेक्षकाचा आहे याची जाणीव ठेवूनही त्या येथे वापरता येतील असे मला वाटते. चित्रातील वस्तूची प्रतिकृती करावयास लावणारी कृती अनुकरणात्मक होय, आणि गोष्टीतील एखादा संबंध, पेच वा निर्णय हाताने पुन्हा घडवावयास लावणारी कृती अनुकीर्तनात्मक होय. पहिलीत वस्तू तयार होते. दुसरीत वाचन पुढे जाते.

३

हाताला शिक्षणात स्थान देण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्या कार्यात सहभागी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण भागातील बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मॉंटेसरींची महागडी साधने आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शंख, पाने, दगड अशी परिसरातील साधने आणून या दोघींनी साधनाची संकल्पनाच पालटून टाकली. दुसरीकडे, १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या पूरक स्थानावरून उचलून थेट माध्यमाच्या स्थानी नेऊन ठेवले. सूत कातता कातता गणित, भूगोल आणि इतिहास शिकावयाचा, अशी ती दृष्टी होती.

या दोन प्रवाहांचे ऋण मान्य करूनही एक मर्यादा नोंदविली पाहिजे. पहिल्या प्रवाहात हात हे इंद्रियशिक्षणाचे साधन होते आणि दुसऱ्यात ते उत्पादनाचे साधन होते. हात हे वाचनाचे साधन होऊ शकते, हा विचार दोहोंच्याही केंद्रस्थानी नव्हता. मॉंटेसरींना लहान वयातील कल्पितकथांविषयी संकोच होता. गिजुभाईंनी मात्र गोष्टीला मानाचे पान दिले आणि कथाकथनाचे शास्त्रही लिहिले. पण त्यांची गोष्ट ही सांगावयाची गोष्ट आहे. ती कानांनी ग्रहण करावयाची आहे, पुस्तकाचे पान तिच्या मध्यभागी नाही. नई तालीमला तर पुस्तकी शिक्षणाविषयी सकारण अविश्वास होता. परिणामी गोष्टीचा तास आणि हस्तकामाचा तास हे आपल्या शाळांत शेजारी शेजारी, पण भिंत राखून नांदले. वेळापत्रकातील भाषा आणि कार्यानुभव यांमधली रेघ ही त्या भिंतीची खूण आहे. आज चित्रपुस्तक आणि कृती यांची जोडी लावली जाते तेव्हा ही भिंत पाडली जात आहे, असा आपला समज होतो. माझ्या मते बहुतेक वेळा भिंत पडत नाही. केवळ दोन तास एकाला एक लागून घेतले जातात.

४

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत ग्रंथालयाच्या तासाला बसण्याचा योग मला काही वेळा आला. या भागातील पुष्कळ मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते. पद्मशाली विणकर कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत. मुलांची मराठी गल्लीत आणि शाळेत घडते. बाईंनी निवडलेली गोष्ट चिमणी आणि कावळ्याची होती : शेणाचे घर, मेणाचे घर, पाऊस आणि मिटलेले दार. पुस्तिका स्वस्तातली, मोजक्या पानांची होती. पहिल्या दिवशीची कृती छापील होती. घराचा आकार कापावयाचा, घडी घालावयाची, चिकटवावयाचे. मुलांनी ती अर्ध्या तासात पूर्ण केली. वर्ग शांत होता, हात चालू होते, आणि गोष्टीविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. भिंतीवर चाळीस सारखी घरे लागली.

दुसऱ्या वेळी बाईंनी छापील कागद बाजूला ठेवले. मेणबत्त्यांचे तुकडे, थोडी ओली माती आणि औषधांची रिकामी खोकी एवढेच साहित्य त्यांनी मध्ये मांडले आणि ‘दोघांची घरं करू या’ एवढेच म्हटले. महिना एप्रिलचा, वर पत्र्याचे छप्पर. मेणाचा तुकडा हातात घेताच एक मुलगी प्रथम तेलुगूत ‘मैनम्’ म्हणाली, मग थांबून ‘मेण’ म्हणाली, आणि दोन शब्द एकमेकांचे कोणी लागतात की काय अशा नजरेने तिने आमच्याकडे पाहिले. थोड्या वेळाने तिच्या बोटांना मेण चिकटू लागले, तेव्हा ती म्हणाली, “बाई, हे घर पावसात ऱ्हाईल, पण उन्हाळ्यात वितळतंय की!”

या एका वाक्याने गोष्टीचा सारा नैतिक डोलारा हलला. चिमणी शहाणी आणि कावळा अविचारी हे जे समीकरण आपण लहानपणापासून गृहीत धरीत आलो, ते पावसाळी प्रदेशातील समीकरण आहे. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात, जेथे पावसाची वाट पाहावी लागते आणि ऊन मात्र न चुकता येते, तेथे मेणाचे घर बांधणारी चिमणी तितकीशी दूरदर्शी ठरत नाही. आता मुले पुस्तिकेकडे परतली, कारण चिमणीचे घर खरेच मेणाचे दिसते का हे त्यांना पाहावयाचे होते. चित्रकाराने लाल कौलांचे, खिडकीचे, टुमदार घर काढले होते. शब्द मेण म्हणत होते, चित्र कौले दाखवीत होते. ही विसंगती पहिल्या वाचनात मुलांना दिसली नव्हती, बाईंना दिसली नव्हती, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर मलाही दिसली नव्हती. शब्द आणि चित्र यांच्यातील ती रिक्त जागा डोळ्यांना नव्हे, तर मेण चिकटलेल्या बोटांना सापडली.

पुढचा प्रसंग दाराचा. छापील कृतीत दार म्हणजे केवळ एक छापलेली रेघ होती. खोक्याचे घर करताना मात्र दार कापावे लागले, आणि कापलेले दार कोणत्या बाजूला उघडावयाचे, कडी आतून की बाहेरून, असे प्रश्न निर्माण झाले. कडी आतूनच असते यावर मुलांचे एकमत झाले. मग एका मुलाने विचारले की, कावळ्याच्या घराला दार आहे का? पुन्हा पुस्तिका उघडली गेली. चित्रात कावळ्याचे घर म्हणजे शेणाचा एक ढिगारा आणि त्याला एक भगदाड होते. दार नव्हतेच. ज्याला आपले दार लावून घेता येत नाही तो दुसऱ्याच्या मिटल्या दारापुढे उभा आहे, हा अर्थ त्या मुलांनी अशा शब्दांत मांडला नाही. पण त्यानंतर घरे पुढे-मागे ठेवून झालेल्या त्यांच्या खेळात कावळ्याला आत घ्यावे की नाही यावर जो वाद झाला, तो या अर्थाच्या परिसरातच चालला होता. काहींनी तेलुगूत सुरुवात केली आणि मराठीत शेवट केला. पहिल्या दिवशी ज्या वर्गात एकही वाक्य बोलले गेले नव्हते, त्याच वर्गातील हा वाद होता.

एका वर्गातील दोन तासांवरून सिद्धान्त उभारावा असे मला सुचवावयाचे नाही. पण या दोन तासांतील फरक कशात होता हे नेमके सांगता येते. पहिल्या दिवशीची कृती मुलांना पुस्तकापासून पुढे घेऊन गेली आणि तेथेच तिने सोडून दिले. दुसऱ्या दिवशीची कृती त्यांना दोनदा पानाकडे परत घेऊन आली. कृतीचे वाङ्मयीन मूल्य तयार झालेल्या वस्तूच्या सुबकतेवर नव्हे, तर या परतण्यावर अवलंबून असते, असे मला वाटते.

५

येथे एका वेगळ्या आणि अधिक अवघड प्रश्नाला सामोरे जावे लागते. चित्रपुस्तकांना जोडलेल्या कृतींची मांडणी करणारा जो कल्पित वाचक आहे त्याचे हात रिकामे आहेत. त्याच्या घरी रंगीत कागद आहे, कात्री आहे, शेजारी बसणारे एक मोठे माणूस आहे, आणि हाताने काही करणे हा त्याच्यासाठी विरंगुळा आहे. सोलापुरात हात हा शब्द उच्चारताच त्याच्याभोवती माग, शिवणयंत्र आणि विडीचे सूप उभे राहते. येथील हजारो स्त्रियांची मजुरी विड्यांच्या हजारांवर मोजली जाते. पत्र्याच्या साच्यावर तेंदूचे पान कापणे हे घराघरांत चालणारे काम आहे. अशाच एका तासाला एक मुलगी आखणी न करता कागदाचे अगदी सारखे तुकडे कापीत होती. बाईंनी कौतुकाने विचारले, “इतकं छान कापायला कुणी शिकवलं गं?” ती काही बोलली नाही. शेजारची म्हणाली, “तिच्या आईला पानं कापून देते ती.” बाईंनी पुढचे कौतुक गिळले.

हा प्रसंग करुणेसाठी सांगितलेला नाही. त्यातून एक सैद्धान्तिक मुद्दा निघतो. ‘हस्तकला’ आणि ‘हस्तव्यवसाय’ यांतील फरक हा वस्तूंतील फरक नसून वर्गातील आणि जातीतील फरक आहे. ज्या हातांनी श्रम केलेले आहेत त्यांच्यापुढे हस्तकाम हा खेळ म्हणून मांडताना आपण त्या हातांचे ज्ञान पुसून टाकीत असतो. ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही आपली लाडकी घोषणा घ्या. ज्या घरात चिंधीची गोधडी होते आणि खोक्याचे फडताळ होते तेथे टाकाऊ असे काय असते? कृतीच्या सूचनापत्रात ‘घरातील टाकाऊ वस्तू’ असे लिहिणारा लेखक एका विशिष्ट घराचे वर्णन करीत असतो आणि तेच सर्वांचे घर आहे असे मानून चालतो. चित्रपुस्तकातील घर कोणाचे, हा प्रश्न आपण अलीकडे विचारू लागलो आहोत. कृतीतील घर कोणाचे, हाही प्रश्न विचारावयास हवा.

याच्या उलट टोकाचे एक उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीतून आलेले आहे. चेन्नईच्या तारा बुक्सने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डू!’ या चित्रपुस्तकात रमेश हेंगडी, शांताराम धडपे आदी वारली चित्रकारांची चित्रे आहेत. पानापानावर एकेक क्रियापद आहे आणि त्या क्रियेत गुंतलेल्या माणसांचे, प्राण्यांचे थवे आहेत. वारली चित्रातील माणूस दोन त्रिकोण आणि काही रेषा यांनी घडतो आणि त्याच्या कमरेतील बाकावरून तो काय करीत आहे हे कळते. म्हणून या पुस्तकातील आकृती काढून पाहणाऱ्या मुलाला ती आकृती काढता काढताच क्रियापद कळते. येथे कृती पुस्तकाच्या मागे लावलेली नाही. पुस्तकाची भाषाच हाताची आहे. श्रम, चित्र आणि शब्द यांच्यात येथे फारकत झालेली नाही, आणि ती का झाली नाही याचे उत्तर त्या चित्रकारांच्या परंपरेत आहे. ज्या डहाणू परिसरात ताराबाई आणि अनुताईंनी पाड्यावरच्या बिया-शंखांना साधन म्हणून प्रतिष्ठा दिली, त्याच परिसरातील लोकांची ही चित्रभाषा आहे.

दुसरे उदाहरण अरविंद गुप्ता यांचे. १९७० च्या दशकाअखेरीस होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाशी संबंध आल्यापासून, आगकाडी आणि सायकलच्या वॉल्व्हट्यूबचे तुकडे यांसारख्या क्षुल्लक वस्तूंतून त्यांनी विज्ञानाची खेळणी घडविली. पुढे पुण्याच्या आयुकातील बालविज्ञान केंद्रातून ती अनेक भाषांत पोहोचली. त्यांच्या खेळण्यांपाशी एक कसोटी अंगभूत असते : खेळणे चालले पाहिजे. पंखा फिरला नाही तर मूल स्वतःच चूक शोधते, त्याला शिक्षकाच्या शाबासकीची गरज नसते. गोष्टीला जोडलेल्या हस्तकामापाशी अशी कसोटी नसते. कापसाचा ससा ‘चालत’ नाही आणि ‘बिघडत’ही नाही, तो केवळ सुंदर किंवा कमी सुंदर असतो. नेमक्या याच कारणाने येथे समीक्षेची गरज उत्पन्न होते. विज्ञानाच्या खेळण्यात निसर्ग जे काम करतो ते गोष्टीच्या कृतीत संहितेने केले पाहिजे. कृती चुकली की नाही, हे सांगण्याचा अधिकार पुस्तकाच्या पानाला असला पाहिजे.

६

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मुलांना आनंद मिळतो ना, मग अर्थनिर्णयनाचे ओझे कशाला? आनंदाचे मूल्य मला अमान्य नाही. पण चिकटविण्याचा आनंद चिकटविण्यापाशी आहे. तो मिळविण्यासाठी गोष्टीची आवश्यकता नाही, आणि गोष्ट केवळ निमित्त म्हणून वापरली जात असेल तर ती हळूहळू निमित्तापुरतीच लिहिली जाऊ लागते. अखेरच्या पानावरील कृती डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या गोष्टी आता बाजारात येऊ लागल्या आहेत. त्यांत ससा असतो, कारण ससा चिकटविता येतो. संकोच, मत्सर, वाट पाहणे, माफी न मागता येणे यांना चिकटविण्याजोगा आकार नसतो, म्हणून अशा गोष्टींतून ते गळतात. साहित्याचे अनुभवक्षेत्र डिंकाच्या बाटलीने ठरावे, ही गंभीर बाब आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या मुलाची घरची भाषा मराठी नाही, किंवा ज्याला अक्षरे अजून वश झालेली नाहीत, त्याच्यासाठी हाताची कृती हेच पुस्तकात शिरण्याचे एकमेव दार असू शकते. मग कोणतीही कृती ही नसण्यापेक्षा बरी नव्हे काय? वरील दोन तासांचा अनुभव याचे उत्तर देतो. अशा मुलासाठी कृती दार होऊ शकते, तशीच ती भिंतही होऊ शकते. छापील घर कापणारे मूल कार्यमग्न दिसते, त्याच्या हातून वस्तू घडते, भिंतीवर लागते, आणि त्याने एकही वाक्य उच्चारले नाही ही गोष्ट झाकली जाते. ज्याला भाषेची सर्वांत अधिक गरज आहे त्याला आपण कात्री देऊन गप्प करतो आणि त्यालाच सहभाग असे म्हणतो.

तेव्हा चित्रपुस्तकाशेजारी ठेवलेल्या कोणत्याही कृतीला तीन प्रश्न विचारावेत, असे मी सुचवितो. ही कृती पुस्तक न वाचता करता येते काय? येत असेल तर ती त्या पुस्तकाची नाही. ही कृती करताना मुलाला पानाकडे परत जावे लागते काय? जावे लागत नसेल तर तिने वाचन संपविले आहे, पुढे नेलेले नाही. आणि ही कृती मुलाच्या हाताला आधीपासून जे ठाऊक आहे त्याला बोलू देते काय? देत नसेल तर तिने कोणाचा तरी हात रिकामा मानला आहे. चौथी गोष्ट प्रश्न नसून सूचना आहे. काही पुस्तकांना कृती जोडूच नये. मिटलेल्या पुस्तकाकडे पाहत काही वेळ नुसते बसून राहणाऱ्या मुलाच्या हाती तत्परतेने कागद देणे हा त्याच्या वाचनातील हस्तक्षेप ठरू शकतो.

‘साहित्य’ आणि ‘कृती’ या शब्दांचा समास जुळवून देणे हे बालसाहित्याच्या समीक्षेपुढील एक रोकडे काम आहे. ते सभागृहातून होणार नाही. त्यासाठी समीक्षकाला ग्रंथालयाच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसावे लागेल आणि चाळीस सारख्या घरांतील मौन ऐकावे लागेल. मेणाचे घर उन्हाळ्यात वितळते, हे मराठी बालकथेविषयीचे एक मार्मिक समीक्षाविधान आहे. ते करणारी वाचक तेव्हा दुसरीत होती.